धुळ्याचा न उचलायचा फोन

आमच्या दैनिकाच्या धुळे कार्यालयात एक फोन असा होता, की तो वाजला तरी उचलायचा नाही, असा नियम होता. नियम मी केला होता. वर्तमानपत्राच्या माणसांना असा नियम घालून देणे ही माझी चूकच होती. पण ती दुसरी. पहिली त्याआधी झाली होती, आणि तिच्यामुळेच तो फोन बसवावा लागला.

मी उपसंपादक म्हणून नोकरीला लागलो. कार्यालयात संगणक आले तेव्हा ‘याला वायरी कळतात’ एवढ्या पात्रतेवर मला सिस्टीम विभागात पाठवण्यात आले. निवृत्त झालो तो तिथूनच. त्या कामात सांगण्यासारखे पुष्कळ घडले. त्यातले हे एकच प्रकरण सविस्तर लिहितो, कारण त्यातल्या एका नोंदीची दुरुस्ती अजून व्हायची आहे.

धुळे आवृत्तीची पाने धुळ्यात लागत आणि छपाई जळगावात होई. दोन्ही कार्यालयांच्या मध्ये भाड्याची कायमची तार होती. तिला लीज लाइन म्हणत. तारेच्या दोन्ही टोकांना राउटर नावाचा एकेक डबा. रेल्वेच्या डाकडब्यात उभे राहून गावानुसार पत्रे वेगळी करणारा कर्मचारी ज्यांनी भुसावळला पाहिला असेल, त्यांना राउटर वेगळा समजावून सांगायला नको. आलेली प्रत्येक गोष्ट कुठली, कुठे जायची, तिला वाट द्यायची की नाही, हे तो ठरवतो. फरक इतकाच, की तो सांगितलेले अक्षरशः ऐकतो. चूक सांगितली तर चूकही.

धुळ्याच्या पानविभागाच्या प्रमुख सुमनअक्का होत्या. त्यांच्यासह विभागात पाच माणसे. अक्का धुळ्यातच, देवपुरात वडिलांबरोबर राहत. वडिलांची दृष्टी गेलेली होती. घरातल्या पायऱ्या, उंबरे, न्हाणीघरापर्यंतची पावले त्यांना मोजून पाठ होती. घरात ते कोणाचा हात न धरता फिरत. घराबाहेर मात्र एक पाऊल टाकता येत नसे. ही माहिती पुढे लागणार आहे.

दुसरे पोपटनाना. कार्यालयीन सहायक हे त्यांचे पद. चहा, फॅक्स, टपाल, आणि मुख्य म्हणजे फोन. वर्तमानपत्रात फोन तिसऱ्या घंटीच्या आत उचलायचा, हा शिरस्ता होता. शिंदखेडा, साक्री, शिरपूर इथले वार्ताहर बूथवरून बातमी सांगत. मागे रांग असे. आपण चौथी घंटी होऊ दिली तर बातमी दुसऱ्या दैनिकाकडे जाई. मलाही नोकरीच्या पहिल्या दिवशी हेच शिकवले गेले होते. नानांनी ते मनगटात उतरवले होते.

आता पहिली चूक.

एका रात्री उशिरा जळगावात बसून मी धुळ्याच्या राउटरमध्ये सुरक्षेसाठी एक यादी घातली. कोणत्या कार्यालयांना वाट द्यायची, त्यांची यादी. भुसावळ लिहिले, फैजपूर लिहिले, मुक्ताईनगर लिहिले. जळगाव लिहायचे राहिले. रखवालदाराच्या हाती दिलेल्या यादीत घरमालकाचेच नाव नव्हते. त्यावर, अशी यादी आधी तपासायची आणि मग राउटरच्या कायमच्या स्मृतीत साठवायची, हा क्रम मी उलटा केला. आधी साठवली. राउटरने यादी वाचली आणि जळगावला दार बंद केले. मला, आणि जळगावकडे येणाऱ्या पानांनाही. बंद करून पुन्हा चालू केला तरी तो तीच यादी वाचणार होता.

मी धुळ्याला फोन केला. दुसऱ्या घंटीला नाना.

“नाना, राउटरशेजारचा लाइनचा दिवा बघा. लाल आहे ना?”

“नही भाऊ. हिरवा शे.”

“नीट बघा.”

“भाऊ, माले लाल-हिरवा समजस. हिरवा शे. लुकलुक बी करत नही.”

हिरवा म्हणजे लाइन ठीक आहे. ते मला त्याच क्षणी कळले आणि कुठे चुकले तेही कळले. मी म्हणालो, “दिसतो हिरवा. पण पुढे एक्स्चेंजमध्ये काहीतरी झालं असेल.”

“तुमले जे दिसस ते खरं,” नाना म्हणाले आणि फोन ठेवला.

कार्यालयाची जीप घेऊन एरंडोल, पारोळा करत धुळे गाठले. लॅपटॉप जोडला, यादीत एक ओळ घातली. काम चार मिनिटांचे होते. तोपर्यंत शिरपूर आणि साक्रीच्या गाड्या अंक न घेता गेल्या होत्या. परत येऊन बिघाडांच्या रजिस्टरमध्ये मी चार शब्द लिहिले : ‘लाइनमध्ये बिघाड. दुरुस्त केला.’ त्यातले पहिले दोन खोटे होते.

त्या महिन्यातला धुळ्याच्या लाइनचा तो तिसरा बिघाड ठरला. आधीचे दोन खरे होते. व्यवस्थापकांनी बैठक बोलावली, रजिस्टर समोर ठेवले आणि म्हणाले, “धुळ्याची लाइन भरवशाची नाही. आणखी एकदा अंक चुकला तर पानं इथंच लावायची. तिथली पाचही माणसं जळगावला येतील. ज्यांना जमणार नाही त्यांनी तसं कळवावं.”

ज्यांना जमणार नाही, म्हणजे कोण, हे बैठकीतल्या सर्वांना ठाऊक होते. रजिस्टर माझ्यासमोर उघडे होते. मी गप्प बसलो. थोड्या वेळाने बोललो ते एवढेच, की लाइन गेली तरी धुळ्याचा राउटर इथून दुरुस्त करता येईल अशी सोय करता येते. व्यवस्थापक म्हणाले, “मग करा. आजवर का केली नाही?”

सोय अशी. राउटरपर्यंत जायची वाट लीज लाइनवरून असते. तीच बंद पडली तर राउटरला हात लावायला माणूस पाठवावा लागतो. म्हणून त्याला एक परसदार ठेवायचे. राउटरच्या मागे एक जादा तोंड असते. त्याला मोडेम जोडायचा आणि मोडेमला साधी टेलिफोन लाइन. मोडेम म्हणजे यंत्राची भाषा शिट्ट्यांमध्ये बदलून फोनवरून ऐकवणारा आणि पलीकडच्या शिट्ट्या पुन्हा यंत्राच्या भाषेत आणणारा दुभाषी. जळगावहून तो नंबर फिरवायचा, तिकडचा मोडेम आपोआप फोन घेतो, दोघे क्षणभर किंचाळतात आणि मग पडद्यावर राउटर परवलीचा शब्द विचारतो. वेग अगदी कमी. पाने त्यातून जात नाहीत. पण यादीत राहिलेली एक ओळ घालायला वेग लागत नाही.

पुढच्या आठवड्यात धुळ्याला जाऊन हे सर्व बसवले. पहिल्याच घंटीला फोन घे, असे मोडेमला सांगितले. टेलिफोनच्या माणसाने लाइन तपासायला लावलेला फोन त्याच तारेवर राहिला होता. असू दे, चाचणीला उपयोगी पडेल, म्हणून मी तो काढला नाही. नानांनी तो पुसून स्वतःच्या टेबलावर घेतला. मी सर्वांना सांगितले, हा वाजला तरी उचलायचा नाही. नानांनी मान डोलावली. निघण्यापूर्वी जुन्या सवयीने एक परिपत्रक काढले : ‘धुळे कार्यालयात नवीन दूरध्वनी आला आहे. क्रमांक पुढीलप्रमाणे. सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.’

दुसऱ्या दिवशी जळगावात व्यवस्थापकांसमोर प्रात्यक्षिक झाले. मोडेमचा छोटा भोंगा चालू ठेवला होता, म्हणजे त्यांनाही ऐकू यावे. आकडे फिरले. पलीकडे घंटी सुरू झाली, आणि ती पुरी वाजण्याआधीच भोंग्यातून आवाज आला :

“नमस्कार, धुळे कार्यालय. बोला.”

व्यवस्थापकांनी माझ्याकडे पाहिले. “हे यंत्र बोलतं?”

“हालो! हालो! कोन बोली ऱ्हायनं? बोला ना भो!” भोंगा म्हणाला. मग जरा दुरून, “अक्का, कोनी बोलत नही. नुसता टूं टूं करस.”

व्यवस्थापक उठून गेले. जाताना म्हणाले, “यंत्र चांगलं आहे. नम्र आहे.”

मी दुसऱ्या नंबरवर फोन लावला आणि नानांना जरा मोठ्या आवाजात विचारले, की उचलायचा नाही म्हणून सांगितले होते ना.

“सांगेल व्हतं,” नाना म्हणाले. “पन भाऊ, फोन वाजी ऱ्हायना आनि मी बठी ऱ्हाऊ? साक्रीना मानूस बूथमा उभा ऱ्हास. त्याले काय माहीत, कोनता फोन मानसाना आनि कोनता डबाना?”

“साक्रीच्या माणसाकडे हा नंबर नाहीच, नाना.”

“आज नही. उद्या ऱ्हाई.”

हे बोलणे किती अचूक होते, ते मला पुढे कळले. अक्कांनी फोन घेतला. त्या कमी बोलत, आणि बोलत ते मथळ्यासारखे.

“भाऊ, नानांचा हात थांबणार नाही. वीस वर्षांची सवय आहे. तुमचं यंत्र थांबू शकतं का?”

“थांबू शकतं. कितव्या घंटीला घ्यायचं, ते सांगता येतं.”

“मग सोपं आहे. तीन घंट्या नानांच्या. चौथी तुमच्या यंत्राची.”

तसे केले. मला काम असेल तेव्हा मी आधी दुसऱ्या फोनवर सांगायचे, मग नाना डोक्यावरची पांढरी टोपी काढून त्या फोनवर ठेवणार. टोपी असेपर्यंत कार्यालयातले कोणीही तो उचलणार नाही. यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेत ही पद्धत नाही. तिने एकदाही दगा दिला नाही. दर सोमवारी मी चाचणी घेई. “टोपी ठेवी दिनी भाऊ,” असा निरोप आला, की नंबर फिरवायचा.

महिन्याभराने धुळे आवृत्ती चाळताना शेवटच्या पानाच्या तळाशी माझी नजर थांबली. तिथे बारीक अक्षरांत कार्यालयाचा पत्ता आणि दूरध्वनी असतो. दूरध्वनी दोन होते. दुसरा परसदाराचा. ज्या नंबरची माहिती कार्यालयात दोन-तीन माणसांपलीकडे जायला नको, तो जिल्हाभर घरोघर गेला होता.

अक्कांना विचारले. त्या म्हणाल्या, “परिपत्रक तुमचंच आहे. नोंद घ्यावी म्हणालात. आम्ही पानात घेतली.”

वर्तमानपत्रात नोंद घेणे म्हणजे छापणे. हे मला माहीत नसायला मी काही बाहेरचा नव्हतो. नंबर लगेच काढला, परवलीचा शब्द बदलून लांबलचक केला. पण छापलेला अंक परत घेता येत नाही. वाचकांनी नंबर वहीत उतरवले होते, दुकानाच्या भिंतीवर लिहिले होते. नाना भेटीत म्हणाले, “साक्रीना मानूसना काल फोन उना व्हता. नवा नंबरवर.”

याचा हिशेब मतमोजणीच्या दिवशी झाला.

स्थानिक निवडणुकीची मोजणी होती. त्या दिवशी आम्ही संध्याकाळची खास आवृत्ती काढत असू. पाने पाचच्या आत जळगावला यावी लागत. मी फैजपूर कार्यालयात नव्या वायरी टाकत होतो. चार वाजायच्या सुमारास मोबाइलवर अक्कांचा फोन आला.

“भाऊ, पानं जात नाहीत. चार पानं तयार आहेत. नानांनी डबा दोनदा बंद-चालू केला.”

“दिवा?”

“लाल.”

या वेळी दोष खरोखर लाइनचा होता. एक्स्चेंजमध्ये आमची तार एका यंत्रावरून दुसऱ्यावर घेण्याचे काम ठरलेले होते, ते त्या दुपारी झाले. त्यासाठी धुळ्याच्या राउटरमध्ये एक सेटिंग बदलायचे होते. दोन मिनिटांचे काम. पण फैजपूर ते धुळे निदान तीन तास. अक्कांनी स्वतःचे काहीच विचारले नाही. आणखी एकदा अंक चुकला तर काय होणार, हे आम्हा दोघांनाही पाठ होते.

लॅपटॉप बरोबर होता. फैजपूरच्या टेलिफोनची तार काढून त्याला लावली आणि नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. एंगेज. मोबाइलवर अक्कांना विचारले, टोपी ठेवली आहे ना?

“टोपी आहे. पण फोन सारखा वाजतोय. लोक निकाल विचारतायत. नाना उचलत नाहीत, म्हणून तुमचं यंत्र उचलतं आणि लोकांच्या कानात किंचाळतं. लोक घाबरून ठेवतात, की लगेच दुसरा.”

माझ्या परिपत्रकाने नोंद घेतलेला सगळा जिल्हा परसदारात उभा होता.

“टोपी काढा,” मी म्हणालो. “नानांना फोन घेऊ द्या. तीन घंट्यांच्या आत, नेहमीसारखा. दोन शब्दांत वाटेला लावायचं. मी इकडून फिरवत राहतो. माझी घंटी वाजायला लागली की मी मोबाइलवर सांगेन. तेवढा एक फोन सोडायचा.”

अक्कांनी मोबाइल नानांजवळ धरला. पुढचे मला ऐकू येत होते.

“हालो. मोजनी चालू शे. दुसरा नंबर लावा.” खट्. घंटी. “हालो. आघाडीवर कोन ते सांजना पेपरमा वाचा. दुसरा नंबर.” खट्. घंटी. “हालो... नही दादा, ते रेडकू नही, आमनं मशीन वरडत व्हतं. ठेवा.” खट्.

माझ्या बाजूला एंगेज, एंगेज, एंगेज. सोळा वेळा मोजले. सतराव्या वेळी लॅपटॉपच्या भोंग्यातून घंटी ऐकू आली.

“अक्का, हा माझा! उचलू नका!”

“नाना, हा भाऊंचा!”

मोबाइलमधून धुळ्याची घंटी आणि लॅपटॉपमधून तीच घंटी, थोडी मागेपुढे. एक. दोन. दुसऱ्या घंटीनंतर नानांचा श्वास ऐकू आला. वीस वर्षे तो हात इथेच पुढे जात होता. तीन. अक्का हलक्या आवाजात म्हणाल्या, “नाना, हात खिशात.” चार.

मोडेमने फोन घेतला. किंचाळ्या झाल्या. पडद्यावर परवलीचा शब्द विचारणारी ओळ आली. शब्द एकदा चुकला, दुसऱ्यांदा बरोबर आला. सेटिंग बदलले. आधी तपासले.

“हिरवा व्हयना!” नाना ओरडले. “भाऊ, हिरवा व्हयना!”

मग साठवले.

पाच वाजायला काही मिनिटे असताना चौथे पान जळगावला पोचले. अंक वेळेवर निघाला. पानविभाग हलवायचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही. अक्का धुळ्यातूनच निवृत्त झाल्या. त्यांचे वडील शेवटपर्यंत त्याच घरात, मोजलेल्या पावलांवर फिरले. मोजणीच्या दुसऱ्याच दिवशी तो नंबर बदलून घेतला. नवा मी कोणालाही कळवला नाही, आणि यंत्राला घंट्या चारच ठेवल्या.

आता ते मोडेम गेले. राउटरच्या परसदाराला हल्ली मोबाइलचे सिम असते. तत्त्व तेच आहे : परसदाराची वाट पुढच्या दारातून जाता कामा नये. नव्या लोकांना मी एवढे एकच वाक्य शिकवत असे. टोपीचे सांगत नसे; ते त्यांना खरे वाटले नसते.

हा लेख लिहायचे ठरले तेव्हा दोघांना विचारणे भाग होते. नाना आता गावी, सोनगीरला असतात. त्यांनी मोबाइल दुसऱ्या घंटीला उचलला. “लिखा भाऊ,” म्हणाले. “पन मन्ही टोपी धुयेल व्हती, हाई बी लिखा.” लिहिले.

अक्कांकडे देवपुरात स्वतः गेलो. चहा झाल्यावर रजिस्टरमधल्या चार शब्दांविषयी सांगितले. इतक्या वर्षांनी सांगताना वाक्ये नीट लागली नाहीत. अक्कांनी ऐकून घेतले.

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या.

“कधीपासून?”

“त्याच दिवसापासून. दिवा हिरवा होता. नानांनी तुम्हाला सांगितला तसा मलाही सांगितला.”

“मग बैठकीआधी बोलला का नाहीत? तुमचं घर होतं पणाला.”

“बोलले असते तर तुम्ही गेला असता. आम्ही राहिलो असतो, याची काही खात्री नव्हती. आणि तुमच्या जागी जो आला असता, तो लाइनलाच नावं ठेवत बसला असता. तुम्ही आठ दिवसांत यंत्र घेऊन आलात. जमिनीवर पालथे पडून वायर लावत होतात. तेव्हा नाना मला म्हणाले, अक्का, हाऊ मानूस चूक भरी देवाले येल शे. भरू द्या.”

मोठ्या बैठकीत मी गप्प राहिलो, ते स्वतःसाठी. हे दोघे गप्प राहिले, ते माझ्यासाठी. आणि मला त्याचा पत्ता लागू न देता माझ्याकडून काम करून घेतले. मी पुढची सगळी नोकरी त्या दोघांच्या न बोलण्यावर केली. आभार मानायला गेलो तर अक्का म्हणाल्या, “आभार राहू द्या. दुरुस्ती छापा. आणि मोठी नको. आपण कायम छोटीच छापायचो, आतल्या पानात, तळाशी.”

ती खाली देत आहे.

दुरुस्ती : धुळे कार्यालयाच्या बिघाडांच्या रजिस्टरमध्ये, त्या महिन्याच्या तिसऱ्या नोंदीत ‘लाइनमध्ये बिघाड’ असे लिहिले आहे. ते चुकीचे आहे. धुळ्याची लाइन त्या दिवशी चालू होती. दिवा हिरवा होता. चूक जळगावची होती.